नऊपट पत्रा, सत्तावीसपट भुसा

४ जानेवारी

आज दादाने मला कारखान्याच्या अंगणात सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाला, "आजपासून इथली व्यवस्था ही बघणार. हिचं ऐकायचं. माझं नाही ऐकलं तरी चालेल."

"तुझं आत्ता तरी कोण ऐकतंय?" खरादीवरचा लंबू म्हणाला. सगळे हसले. दादाही हसला.

मला मात्र कसंसंच झालं. लाकडाच्या धुळीने बाबांची छाती धरली तेव्हा दादा आठवीत होता. त्याने दप्तर ठेवलं आणि रंधा उचलला. मी शिकत राहिले. घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा फोटो भिंतीवर लागला, आणि तो लावायला खिळा दादानेच ठोकला. म्हणून मी नोकरी शोधली नाही, इथे आले. या खुर्च्या-टेबलांनी मला शिकवलं, आता त्यांच्यासाठी काहीतरी करून दाखवायचं.

पॉलिशवाले काका म्हणाले, "बाळ, इथे आलीस ना, आता चांगल्या कपड्यांची आशा सोड." काका बाबांच्या बरोबरीचे. दोघांनी मिळून पहिलं टेबल केलं तेव्हा माझा जन्मही नव्हता. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून पॉलिशच्या खोलीत फिरले आहे.

१३ जानेवारी

पॉलिशच्या खोलीत पत्र्याचे डबे जागोजागी पडलेले असतात. फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. घासकामाचा भुसा, रंध्याची सालपटं, अळशीच्या तेलात भिजलेली फडकी, सगळं त्यांत जातं. भरला डबा की कोणीतरी बाहेर नेऊन ओततो. नाही भरला तर आठवडा आठवडा तसाच. आज मी एकाला अडखळून तयार खुर्चीवर पडले. खुर्चीला काही झालं नाही, मला झालं.

मी ठरवलं, हे सगळे डबे काढून टाकायचे आणि कोपऱ्यात एकच मोठी पेटी ठेवायची. डब्यासारखीच, पण प्रत्येक बाजू तिप्पट.

"तिप्पट पेटी, म्हणजे तीन डब्यांचा माल," लंबू म्हणाला.

"तीन कसे?" काका म्हणाले. "तळातच नऊ डबे बसतील."

"आणि उंचीला तीन थर," मी म्हटलं. "सत्तावीस डब्यांचा माल मावेल. पत्रा मात्र नऊच डब्यांचा लागेल."

लंबूने कपाळाला हात लावला. "पत्रा नऊ आणि माल सत्तावीस? मग पत्रेवाला जेवणार काय?"

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मला लाजच वाटली. एवढ्याशा गोष्टीचं त्याला किती कौतुक.

१९ जानेवारी

पेटी आली. लंबूने पैज लावली की सत्तावीस मावणार नाहीत. मग काय, सगळं काम थांबवून लहान डब्याने भुसा मोजत पेटीत टाकायला सुरुवात. बारापर्यंत लंबू गाणं म्हणत होता. अठरानंतर गप्प. सत्ताविसावा डबा पडला आणि भुसा अगदी काठाला आला. काकांनी तो हाताने सपाट केला आणि टाळ्या वाजवल्या. "हिच्या बापाने मोजून कधी काही केलं नाही, सगळं डोळ्याने. पोरगी मात्र हिशोबाची निघाली."

पेटीचा वास कोंडू नये म्हणून मी बाजूला भोकं पाडून घेतली. वहिनी जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अहो, झाकणाला कडी लावा. नाहीतर मांजर आत पिल्लं घालेल आणि मग त्यांचाही हिशोब ही मांडत बसेल." दादाने लगेच कडी बसवली.

घरी बाबांना सांगितलं. खोकल्याची उबळ ओसरल्यावर ते म्हणाले, "पत्रा वाचवलास की." मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. डब्यात दर घनफूट मालामागे सहा चौरस फूट पत्रा लागतो, पेटीत फक्त दोन. बाबांनी तो कागद उशीखाली ठेवला.

२ फेब्रुवारी

मोठी ऑर्डर आहे, एका वाचनालयाच्या खुर्च्या. काका एकटेच पॉलिशला, म्हणून सगळ्यांच्या शेवटी निघतात. पैजेनंतर रिकामी केलेली पेटी पुन्हा जवळजवळ भरली आहे. खोली इतकी स्वच्छ कधीच नव्हती. पेटीवर बसून मी खुर्च्या तपासल्या. झाकण छान उबदार लागत होतं. दुपारचं ऊन त्या भिंतीवर येतं वाटतं.

काकांशी बोलताना एक कडवट, करपट वास आला. ते पुन्हा सिगारेट ओढायला लागले की काय? सोडून वर्ष झालं असं काकू सगळ्यांना सांगत असतात. पॉलिशच्या खोलीत ओढत असतील तर बोलायला हवं. पण वडीलधाऱ्या माणसाला कसं बोलायचं?

५ फेब्रुवारी

पॉलिशची खोली गेली. खुर्च्या गेल्या. माणसं वाचली. उद्या लिहीन.

६ फेब्रुवारी

काल संध्याकाळी आम्ही घरी पोचलो न पोचलो तोच समोरचा शिंपी धावत आला. दादा होता तसाच पळाला. मी पोचेपर्यंत छपरातून धूर येत होता. काका आत-बाहेर करत खुर्च्या ओढून काढत होते. त्यांच्या उजव्या तळव्याची कातडी सोलून निघाली होती आणि त्यांना त्याचं भानच नव्हतं. दादा हातोडी आणि पाण्याचा पाइप घेऊन पेटीपाशी गेला. आग तिथूनच लागली होती. बंब आला तोवर खोलीत उरलं होतं ते काळं पाणी.

आज सकाळी अंगणात सगळे जमले. काकांच्या हाताला बँडेज. कोणीतरी म्हणालं, शेवटी आत कोण होतं? काका म्हणाले, "मी होतो. नळावर हात धूत होतो. मागे वळलो तर धूर."

"सिगारेट?" लंबूने हळूच विचारलं.

"सोडली मी. माहीत आहे तुला."

आणि मी बोलले. कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, मंगळवारी तुमच्याजवळ मला वास आला होता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ओळखीचं माणूस गर्दीत शोधताना बघतात तसं.

"मी ओढली नाही," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले.

दादा खाली बघत म्हणाला, "काका, हात बरा होईपर्यंत घरी बसा." सगळ्यांना अर्थ कळला. काकांनाही. मला वाईट वाटलं. पण खरं ते बोललंच पाहिजे. नाहीतर शिकून उपयोग काय?

९ फेब्रुवारी

दादाने आज स्वतः घण मारून पेटी चेपली आणि भंगारात घातली. झाकण, कडी, सगळं. बाकीची राख अजून तशीच आहे, पण पेटी आधी. मी म्हटलं, राहू दे ना, लंबू करेल. तर अंगावर ओरडला. त्याला काकांचा फार राग आलेला दिसतो.

बाबा रोज विचारतात, "तो आला का कामाला?" दादा उत्तर देत नाही. बाबा दादाशी बोलत नाहीत.

१५ फेब्रुवारी

आगीतून वाचलेली दोन टेबलं आम्ही अंगणात पॉलिश करतो आहोत. लंबू करतो, वाईट करतो. भुसा आणि फडकी एका बाजूला लोटून ठेवतो. शनिवारपर्यंत तिथे कमरेइतका ढीग झाला होता. आज तो उचलायला मी फावडं घातलं. आतून वाफ आली. हात घातला आणि झटकन मागे घेतला.

आतून तापलेला होता. वरून गार. काल सुट्टी होती, अंगणात कोणी नव्हतं. आज आकाश भरलेलं, ऊनही नाही.

आणि वास. कडवट, करपट. मी तो ओळखला.

त्याच दिवशी

जेवले नाही. वहिनी म्हणाली, "डोहाळे लागल्यासारखी काय बसलीस?" मी डोकं दुखतंय म्हटलं.

तेल वाळताना ऊब धरत असणार. रंगाच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "तेलाची फडकी पसरून वाळवायची, गोळा करून ठेवायची नसतात. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कोणी वाचत नाही." मी वाचायला हवं होतं. बाकी सगळं मीच वाचते.

ऊब धरतो तो माल. ती बाहेर जाते पत्र्यातून. लहान डब्यात दर घनफुटामागे सहा चौरस फूट पत्रा होता, ऊब निघून जायची. म्हणून आठवडा आठवडा पडून राहिले तरी डबे गार. मी प्रत्येक बाजू तिप्पट केली. ऊब सत्तावीसपट झाली आणि तिला बाहेर पडायला वाट नऊपटच. दर घनफुटामागे दोन चौरस फूट. जो पत्रा मी वाचवला म्हणून मिरवलं, त्याच पत्र्यातून ऊब बाहेर जाणार होती. आणि हवा जायला भोकं पाडली तीही मीच.

गणित चुकलं असतं तर बरं झालं असतं. गणित बरोबर होतं. मी त्याचं एकच टोक धरलं होतं.

झाकण उबदार लागलं तेव्हा मी त्यावर बसले होते. छान वाटलं होतं मला.

१८ फेब्रुवारी

सांगितलं नाही. दादा कामात होता.

१९ फेब्रुवारी

आजही नाही. दादा वाचनालयाच्या लोकांची बोलणी खात होता. त्यात मी काय सांगू? (तो मोकळा होता. चहा पीत बसला होता. समोर मी होते.)

२१ फेब्रुवारी

काका दिसले. शाळेच्या कुंपणाच्या गजांना रंग देत होते, डाव्या हाताने. उजवा छातीशी धरलेला. ज्या माणसाच्या पॉलिशमध्ये तोंड दिसायचं, तो लोखंडाला लाल रंग फासत होता आणि डाव्या हाताने तो ओघळत होता. कारखाना जाळलेल्या माणसाला लाकूडकाम कोण देणार? ही बातमी गावभर कोणी केली? मी अंगणात मोठ्याने बोलले होते.

मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला स्वतःला चांगलं म्हणता येणार नाही.

२४ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. स्वयंपाकघरात, वहिनी भांडी लावत असताना. मी सगळी तयारी केली होती, लहान डबा आणि मोठा डबा समोर मांडून. ऊब, पत्रा, सहा आणि दोन. म्हटलं, "काकांनी काही केलं नाही. आग माझ्या पेटीने लावली."

दादाचा पहिला प्रश्न, "आणखी कोणाला सांगितलंस?"

"कोणाला नाही."

"मग नको सांगू."

"दादा, काकांचं काम गेलं."

"त्यांना मी दुसरीकडे लावून देतो. बाहेरगावी ओळख आहे माझी. तुझं नाव यात येता कामा नये. लोक काय म्हणतील, शिकवलं आणि हिने कारखाना जाळला? बाबांना काय वाटेल?" मग आवाज उतरला. "तुला शिकवलं ते यासाठी नाही गं."

वहिनी हातातलं पातेलं खाली ठेवून म्हणाली, "अहो, मग कशासाठी शिकवलं? फोटो लावायला?"

दादा उठून गेला. आग कशी लागली ते त्याने एकदाही विचारलं नाही. इतकं मांडून ठेवलेलं मी, त्याने डब्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. दमला असेल.

२६ फेब्रुवारी

काकांकडे गेले. काकूंनी दार उघडलं आणि आत या म्हणाल्या नाहीत. मागून काका म्हणाले, "येऊ दे."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. तापलेला ढीग, तेल, लहान डबे, मोठी पेटी. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी रडले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा विचारलं, "म्हणजे आतून पेटली?" मी हो म्हटलं. ते स्वतःशीच मान हलवत राहिले.

मग म्हणाले, "म्हणजे मी ओढली नव्हती, हे आता तुम्हाला पटलं."

मला ते "तुम्हाला" लागलं. मी बाळ राहिले नव्हते.

"हो काका."

"हिशोब केल्यावर पटलं."

मी डोळे पुसले.

"मी दोनदा सांगितलं होतं, ताई. माझ्या तोंडाने. तेव्हा नाही पटलं. पत्र्याने सांगितलं तेव्हा पटलं."

काकू आतून म्हणाल्या, "हिला म्हणावं, वर्षभर सकाळी उठून मी यांचे खिसे तपासते. एक काडी सापडली नाही." आणि त्याही रडायला लागल्या.

मला वाटत होतं चूक पेटीची होती. पेटीची चूक मला माहीत नव्हती. काकांना मी तीस माणसांसमोर खोटं पाडलं, तेव्हा मात्र मला सगळं माहीत होतं. ते कोण आहेत हे माहीत होतं.

मी म्हटलं, "मी काय करू?"

"मला काय विचारता? जिथे बोललात तिथे बोला."

२७ फेब्रुवारी

सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी अंगणात सगळ्यांना थांबवलं. काका फाटकाशी उभे होते. काल येतो म्हणाले नव्हते, पण आले. दादा मला दंडाला धरून म्हणाला, "आत चल." मी हात सोडवून घेतला.

मी मोठ्याने बोलले, त्या दिवशी बोलले होते तेवढ्याच. "आग काकांमुळे लागली नाही. मी करून घेतलेल्या पेटीमुळे लागली. तेलाचा भुसा आपोआप तापतो. डब्यात थोडा होता, निवायचा. मी सगळा एकत्र कोंडला. काकांजवळ वास आला असं मी म्हटलं, तो वास पेटीचा होता. मी त्यांच्यावर आळ घेतला. ते खरं बोलत होते."

मग लंबू म्हणाला, "पण पेटी उघडीच असायची की. काडी पडली असेल तर? काकांची नाही, कोणाचीही?" त्याला बिचाऱ्याला मला वाचवायचं होतं.

आणि तेव्हा माझ्या मागून दादा बोलला.

"उघडी नव्हती. निघताना कडी मीच घातली होती. आग लागली तेव्हा घातलेलीच होती. हातोडीने मी तोडली." तो माझ्याकडे बघत नव्हता, काकांकडे बघत होता. "काका, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कसं ते कळलं नव्हतं, पण तुम्ही नाही एवढं माहीत होतं. पेटी हिची, म्हणून मी गप्प बसलो."

तो घण, तो ओरडा, स्वयंपाकघरातला तो प्रश्न. मी काकांवर रागावलेला भाऊ बघत होते. तो माझ्यासाठी एका माणसाला बुडवत होता आणि रोज बाबांसमोर मान खाली घालून बसत होता. शाळा सोडली तेव्हाही तो असाच न बोलता बसला असेल.

काका अंगणात आले. दादापाशी थांबले. मला वाटलं हात उगारतील. ते म्हणाले, "तुझ्या बापाला कळलं?"

"नाही."

"आधी त्याला सांग. तो तुझ्याशी बोलत नाही म्हणे, त्याला खरं कारण कळू दे." मग खरादीच्या बाजूला खुंटीवर त्यांचे जुने ब्रश होते, आगीतून वाचलेले, ते त्यांनी काढले आणि काखेत घेतले.

लंबूने विचारलं, "काका, उद्या येताय ना? मी टेबलांची माती केली आहे."

"दिसतंय ते मला इथून," काका म्हणाले. थोडे लोक हसले. काका हसले नाहीत. "शाळेचं कुंपण अर्धं राहिलंय. ते सोडून येणार नाही. आणि पुढे यायचं की नाही ते मी ठरवलेलं नाही. परवा घरी असेन. ज्याला विचारायचं त्याने येऊन विचारावं."

ते गेले. ब्रश घेऊन गेले.

संध्याकाळी दादाने बाबांना सांगितलं. मी दाराबाहेर उभी होते. बाबा खोकत राहिले. मग म्हणाले, "दोघं गेलात का त्याच्याकडे?"

आत्ता दादा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "परवा मी येऊ तुझ्याबरोबर?"

मी म्हटलं, "नको, माझं मी बघते."

तो जायला वळला. त्याची पाठ बघून मी म्हटलं, "दादा. ये."